पाच स्वयंसेवक आणि एक दोरी : स्काउट पथकाच्या प्रौढ नेत्यांच्या प्रशिक्षणाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका स्काउट पथकाचे आणि ते चालवण्यासाठी पुढे आलेल्या पाच प्रौढ स्वयंसेवकांचे आहे. त्यांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांपैकी मी एक होतो. प्रशिक्षण ठरल्याप्रमाणे पार पडले, पाचही जण मनापासून शिकले, आणि त्यानंतरच्या दीड महिन्यात पथकाचे काम पूर्वीपेक्षा खालावले. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध होता, हे समजायला आम्हाला बराच वेळ लागला, म्हणून ते सविस्तर मांडत आहे. व्यक्ती ओळखू येऊ नयेत यासाठी कोणाचेही नाव दिलेले नाही.

पार्श्वभूमी

पथकात अकरा ते पंधरा वयोगटातील 26 मुले होती आणि त्यांचे चार संघ होते. सहा ते आठ मुलांचा संघ आणि त्याचे नेतृत्व त्यांच्यातल्याच एका संघनायकाकडे, ही स्काउटिंगची मूळ रचना आहे, तिलाच संघपद्धती म्हणतात, आणि या पथकात ती चांगली रुजलेली होती. अनेक वर्षे पथक सांभाळणाऱ्या पथकनेत्यांना प्रकृतीच्या कारणाने अचानक थांबावे लागले. पथक बंद पडू नये म्हणून मुलांच्या पालकांपैकी चौघे आणि शेजारचा एक तरुण असे पाच जण पुढे आले. त्यांच्यात एक शिक्षिका होत्या, एक वीजजोडणीचे काम करणारे गृहस्थ होते, एक परिचारिका होत्या, कार्यालयातून नुकतेच निवृत्त झालेले एक आजोबा होते आणि तो तरुण होता. लहानपणी स्काउटमध्ये गेलेला त्यांच्यापैकी केवळ तो तरुणच.

जुने नेते थांबले आणि प्रशिक्षण सुरू झाले, यांमध्ये सुमारे एक महिना गेला. त्या महिन्याकडे आम्ही प्रशिक्षकांनी सुरुवातीला लक्षच दिले नाही, आणि या प्रकरणातली आमची पहिली चूक तीच. त्या काळात पाचही प्रौढांना काही येत नव्हते आणि ते तसे मोकळेपणाने सांगत असत. त्यामुळे साप्ताहिक मेळावा संघनायकच चालवत. गाठ कशी मारायची, खेळाचे नियम काय, पुढच्या आठवड्यात काय घ्यायचे, हे सारे ही तेरा-चौदा वर्षांची मुले ठरवत आणि प्रौढ मंडळी त्यांना विचारून विचारून कामाला हात लावत. मेळावे विस्कळीत होत, वेळ वाया जाई, पण चारही संघ हजर असत आणि संघनायकांची बैठक, जिला स्काउटिंगमध्ये कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात, ती न चुकता भरत असे.

पहिले प्रशिक्षण

आमचा अभ्यासक्रम दोन शनिवार-रविवारांचा होता. स्काउटचे वचन आणि नियम, चळवळीचा इतिहास, गाठी आणि बांधण्या, तंबू उभारणे, होकायंत्र व नकाशा, प्रथमोपचार, शेकोटी, नोंदी ठेवणे आणि मुलांच्या सुरक्षिततेचे नियम, असे त्याचे स्वरूप होते. संघपद्धतीवर एक तासाचे व्याख्यान होते आणि ते मीच दिले. शेवटी प्रत्येकाची गाठींची परीक्षा झाली, लेखी प्रश्नावली झाली आणि अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले. पाचही जण उत्तीर्ण झाले आणि अभिप्राय इतके चांगले होते की आम्ही ते इतर प्रशिक्षकांना दाखवले.

प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पातळ्यांवर करावे, अशी मांडणी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये केली होती : शिकणाऱ्याला प्रशिक्षण कसे वाटले, तो काय शिकला, कामावर गेल्यावर त्याचे वागणे बदलले का, आणि त्या बदलाचा अखेर परिणाम काय झाला. अभिप्रायाच्या फॉर्मने आम्ही पहिली पातळी मोजली, परीक्षेने दुसरी. तिसरी मोजायची तर पथकावर जावे लागते, आणि तिथे गेल्याशिवाय चौथीबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. आम्ही सहा आठवड्यांनी गेलो, तेही पथकाच्या नोंदवहीवर सही करायची होती म्हणून.

सहा आठवड्यांनंतरचा मेळावा

त्या दिवशी प्रत्येक संघाने तीन काठ्यांची तिवई उभारून तिच्यावर हात धुण्याचे भांडे बसवायचे होते आणि त्यासाठी आडव्या काठ्या चौकोनी बांधणीने पक्क्या करायच्या होत्या. ही बांधणी उभ्या काठीवर क्लोव्ह हिच, म्हणजे काठीला दोरी अडकवण्याची एक साधी गाठ, मारून सुरू होते, मग दोन्ही काठ्यांभोवती दोरीचे तीन वेढे घेतात, नंतर दोरी काठ्यांच्या मधून आवळत फिरवतात आणि आडव्या काठीवर पुन्हा क्लोव्ह हिच मारून संपवतात. मधून आवळण्याचा भाग सैल राहिला की सगळी बांधणी घसरते, आणि नवशिक्याकडून तो हमखास सैल राहतो.

मी ज्या संघाजवळ उभा होतो, तिथे संघनायकाने क्लोव्ह हिच बरोबर मारली होती. तीन वेढेही झाले. आवळताना दोरी त्याच्या बोटांतून निसटली आणि त्याने ती पुन्हा धरली. एवढ्यात वीजजोडणीचे काम करणारे ते गृहस्थ वाकले, "थांब, असं बघ," असे प्रेमाने म्हणाले आणि दोरी आपल्या हातात घेतली. त्यांच्या हातांना तारा ओढण्याची सवय होती आणि त्यांनी ती बांधणी मी क्वचितच पाहिली असेल इतकी सुबक केली. मग दुसरी केली. तिसऱ्या वेळी त्यांनी दोरी परत देण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा संघनायक तिथे नव्हता. तो बाजूला जाऊन एका काठीची साल नखाने सोलत बसला होता. संघातली बाकीची मुले काठ्या धरून उभी होती आणि मदतनीसाचे काम व्यवस्थित करत होती.

चारही संघांकडे कमीअधिक फरकाने हेच चालले होते. मी वहीत चाळीस मिनिटे एवढीच नोंद ठेवली की त्या क्षणी मुख्य साधन कोणाच्या हातात आहे. बहुतेक वेळ ते प्रौढांच्या हातात होते. तिवया मात्र चारही उत्तम उभ्या राहिल्या. नोंदवही उघडली तेव्हा दिसले की प्रशिक्षणानंतर कोर्ट ऑफ ऑनर एकदाच भरले होते आणि मोठ्या मुलांपैकी तिघांची हजेरी तुटक झाली होती. पुढच्या मेळाव्याचा कार्यक्रम प्रौढांनी आपसात फोनवर ठरवला होता आणि तो आधीच्या कोणत्याही कार्यक्रमापेक्षा नीटनेटका होता.

निघताना मी त्या संघनायकाला विचारले की आधीचा महिना कसा होता. तो म्हणाला, "तेव्हा सरांना काही येत नव्हतं ना, म्हणून आम्हीच करायचो." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. प्रौढांना आता येऊ लागले, म्हणून आपले काम संपले, असे त्याने सरळ गृहीत धरले होते.

कारणमीमांसा

पहिल्या चर्चेत आमच्यापैकी काहींचे मत पडले की स्वयंसेवकांना संघपद्धती समजलेली नाही, तेव्हा तिच्यावर आणखी एक व्याख्यान ठेवावे. मला ते पटले नाही. लेखी परीक्षेत संघपद्धतीवरच्या प्रश्नांना पाचही जणांनी अचूक उत्तरे दिली होती. त्यांना ती माहीत होती. आपल्यासमोर ती चालताना मात्र त्यांनी कधी पाहिलेली नव्हती, कारण आमच्या अभ्यासक्रमात ती कुठेच चालत नव्हती. नावाला त्यांचा संघ केला होता. प्रत्यक्षात वेळापत्रक आम्ही ठरवले होते, तंबूची जागा आम्ही दाखवली होती, गाठ समोर उभे राहून आम्ही शिकवली होती आणि एखाद्याची चुकली की दोरी हातात घेऊन आम्हीच दुरुस्त केली होती. आम्ही जसे वागलो, तसे ते वागले. आमच्या व्याख्यानापेक्षा आमच्या हातांकडून ते अधिक शिकले, असे म्हटले तर त्यांच्यावर अन्याय होणार नाही.

ही गोष्ट चळवळीच्या सुरुवातीपासून माहीत असलेली आहे, म्हणून आमची चूक अधिक बोचते. 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी जे प्रायोगिक शिबिर घेतले, त्यात सुमारे वीस मुलांचे चार संघ केले होते आणि प्रत्येक संघाची जबाबदारी एका मोठ्या मुलावर सोपवली होती. पुढे 1919 च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या सीमेवरील गिलवेल पार्क येथे वुड बॅज या प्रौढ नेत्यांच्या प्रशिक्षणाचा पहिला वर्ग भरला, तेव्हा तिथे आलेल्या 19 प्रौढांनाही संघांत विभागून मुलांसारखेच राहायला लावले. ज्या रचनेत मुलाला वाढवायचे, तिच्यात प्रौढाने आधी स्वतः सामान्य सभासद म्हणून राहून पाहावे, हा त्यामागचा विचार होता. या प्रशिक्षणाची खूण असलेले वुड बॅजचे लाकडी मणीदेखील केवळ शिबिर पूर्ण केल्यावर मिळत नाहीत. शिकलेले आपल्या पथकावर वापरून दाखवावे लागते. आम्ही दिवस वाचवण्यासाठी शिबिराचे वर्ग केले होते आणि पथकावरच्या पाठपुराव्याची सही केली होती.

आणखी एक कारण मला नंतर उमगले. स्वयंसेवक आपला वेळ देतो, त्याबदल्यात त्याला पगार मिळत नाही, आणि आपण उपयोगी पडलो असे वाटण्याची त्याची भूक अगदी रास्त असते. नवे कौशल्य हातात आले की उपयोगी पडण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे ते करून दाखवणे. हात मागे बांधून उभे राहिल्याने आपण काय दिले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ज्या गृहस्थांनी दोरी घेतली, त्यांच्या मनात मुलाला बाजूला सारण्याचा विचार कणभरही नव्हता. तीन महिन्यांपूर्वी ज्याला क्लोव्ह हिच येत नव्हती, त्या माणसाचा तो साधा आनंद होता.

दुसरा टप्पा

दुसऱ्यांदा आम्ही व्याख्यान न ठेवता दोन रात्रींचे शिबिर घेतले. पाच जणांचा एक खरा संघ केला आणि दर अर्ध्या दिवसाला संघनायक बदलला. कोणतीही नवी गोष्ट आम्ही फक्त त्या वेळच्या संघनायकाला, इतरांपासून दूर नेऊन, पंधरा मिनिटांत शिकवत असू. उरलेले चौघे ती त्याच्याकडून शिकत. जेवणाचा बेत, तंबूची जागा आणि कामाची वाटणी संघाने ठरवायची होती, आणि चुकीची जागा निवडली तर रात्री पाणी तंबूखालून जाईल, हे माहीत असूनही आम्ही बोलायचे नाही, असे आपसात ठरवले होते.

हे आम्हाला वाटले होते त्यापेक्षा अवघड गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षिका संघनायक होत्या आणि झोळीची खाट बांधत होत्या. एक काठी तिरकी बसली होती. मी बोलता बोलता ती त्यांच्या हातातून घेतली, सरळ केली आणि पुढे निघून गेलो. मला त्याची जाणीवही झाली नाही. माझ्या सहकाऱ्याच्या नोंदीत मात्र लिहिलेले सापडले की त्यानंतर अर्धा तास त्या बाईंनी एकही सूचना दिली नाही आणि संघातले लोक माझ्याकडे बघून काम करू लागले. संध्याकाळच्या चर्चेत मी ही नोंद स्वतः वाचून दाखवली. वर्षानुवर्षे संघपद्धती शिकवणाऱ्या माणसाच्या हातूनही हे घडते, हे पाहिल्यावर मंडळी मोकळेपणाने बोलू लागली आणि आपापल्या मेळाव्यांतले प्रसंग सांगू लागली. पहिल्या अभ्यासक्रमातल्या एका तासाने जे झाले नव्हते, ते त्या संध्याकाळी झाले असे माझे मत आहे.

या शिबिरातून पथकासाठी एक पद्धत ठरली. मेळाव्यापूर्वी वीस मिनिटे चारही संघनायकांनी यायचे आणि प्रौढांनी त्या दिवसाचे कौशल्य फक्त त्यांना शिकवायचे. मेळावा सुरू झाला की प्रौढाने संघाच्या वर्तुळाबाहेर थांबायचे आणि एखाद्या मुलाने त्याला विचारलेच, तर "तुझ्या संघनायकाला विचारलंस का?" एवढेच म्हणायचे. संघनायक अडला, तर त्याला बाजूला बोलावून मदत करायची. संघासमोर त्याच्या हातातून काही घ्यायचे नाही. प्रौढाच्या कौशल्याला यात भरपूर काम आहे, कारण तेरा वर्षांच्या मुलाला इतरांना शिकवता येईल इतके पक्के शिकवणे हे स्वतः बांधणी करण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

जे सोडायचे नव्हते तेही सुटले

पुढची अडचण या यशातूनच निर्माण झाली, आणि तिच्यासाठी मी आम्हा प्रशिक्षकांनाच जबाबदार धरतो. हात मागे घ्या, हे आम्ही इतक्या तळमळीने सांगितले की कोणत्या ठिकाणी हात मागे घ्यायचा नाही, हे सांगायचे राहिले.

पथकाच्या शिबिरात एक संघ जळण तोडत होता. कुऱ्हाड वापरायची जागा दोरीने वेढून वेगळी ठेवावी, आत एका वेळी एकानेच तोडावे आणि हात लांब करून कुऱ्हाड फिरवली तर ती जिथवर पोहोचेल त्याच्या आत दुसरे कोणी असू नये, हे नियम सर्वांना ठाऊक होते. त्या दिवशी दोरी लावलेली नव्हती आणि दोन मुले लाकडे गोळा करत अगदी जवळ वाकली होती. निवृत्त आजोबा तिथेच, ठरल्याप्रमाणे वर्तुळाबाहेर, गप्प उभे होते. लाकडाची एक ढलपी उडून एका मुलाच्या टोपीला लागली आणि खाली पडली. इजा झाली नाही. परिचारिका बाई लांबून ओरडल्या आणि काम थांबले. आजोबांना नंतर विचारले, तेव्हा ते म्हणाले की मला धोका दिसत होता, पण संघनायकाच्या कामात बोलायचे नाही असे आपले ठरले होते.

त्याच शिबिरात दुसरी गोष्ट लक्षात आली. घरच्या आठवणीने रडणाऱ्या एका लहान मुलाला धीर देण्यासाठी तो तरुण स्वयंसेवक रात्री त्याच्यासोबत तंबूत एकटाच बसला होता. त्याचा हेतू निखळ चांगला होता. तरीही प्रौढाने एकट्या मुलासोबत इतरांच्या नजरेआड असू नये, हा नियम मुलाच्या रक्षणासाठी आहे, त्यात प्रौढाचेही रक्षण आहे, आणि हेतू पाहून तो शिथिल करता येत नाही. मुलाचे रक्षण हाच जागतिक स्काउट संघटनेच्या बालसुरक्षा धोरणाचाही गाभा आहे. मुलाशी बोलायचे असेल तर शेकोटीजवळ, सर्वांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा अंतरावर बसून बोलता येते, एवढी साधी गोष्ट आम्ही त्याला प्रात्यक्षिकातून दाखवली नव्हती. नियमांच्या यादीत वाचून दाखवली होती.

या दोन प्रसंगांवर पाचही जणांबरोबर एक पूर्ण दुपार बोलणे झाले. त्यातून जो निकष हाती आला, तो त्यांचाच होता आणि परिचारिका बाईंनी तो शब्दांत मांडला : चुकीची किंमत मुलाला पेलेल का? तिवई कोसळली तर पाणी सांडते, भात करपला तर उपास पडतो, वाट चुकली पण परिसर आखलेला आणि ओळखीचा असला तर पाय दुखतात. या चुका मुलांच्या आहेत आणि त्या त्यांच्याकडेच राहू द्याव्यात. कुऱ्हाड, पाणी, आग, वाहतूक, औषधे आणि मुलांच्या शरीराची व मनाची सुरक्षितता यांत प्रौढाने क्षणभरही थांबायचे नाही. तिथे संघनायकाचा मान नंतर सांभाळता येतो. मधल्या गोष्टी पुष्कळ असतात आणि त्या शिबिरापूर्वी संघनायकांसह बसून ठरवाव्या लागतात. कुऱ्हाडीची दोरी लावण्याची जबाबदारी संघनायकाची आणि ती लागली आहे का हे तोडणी सुरू होण्यापूर्वी पाहण्याची जबाबदारी प्रौढाची, अशी वाटणी त्या दुपारी झाली.

आजोबांचा निर्णय

आजोबांना या दोन भूमिकांमध्ये क्षणाक्षणाला बदल करणे जमेना. एक तर ते सतत सूचना देत किंवा पूर्ण गप्प होत, आणि याचा त्यांना स्वतःलाच त्रास होई. जागतिक स्काउट संघटनेच्या प्रौढांविषयीच्या धोरणात स्वयंसेवकाची निवड, कामात त्याला दिला जाणारा आधार आणि काही काळाने पुढचा निर्णय, असे टप्पे मानले आहेत. तो निर्णय काम पुढे चालू ठेवण्याचा, भूमिका बदलण्याचा किंवा निवृत्त होण्याचा असू शकतो. हे बोलणे आम्ही टाळत होतो, कारण स्वयंसेवकाला असे सांगणे म्हणजे त्याचा अपमान, अशी आमची समजूत होती. शेवटी शिक्षिका बाईंनीच त्यांच्याकडे विषय काढला आणि आजोबांनी सुटका झाल्यासारखा श्वास टाकला. त्यांनी सामानाचे भांडार आणि हिशेब स्वतःकडे घेतले. आता प्रत्येक कुऱ्हाड म्यानात आहे आणि तिची धार तपासलेली आहे, हे शिबिरापूर्वी ते संघनायकांना दाखवतात आणि त्यांची सही घेतात.

सहा महिन्यांनंतरची स्थिती

सहा महिन्यांनी मी पुन्हा त्याच वहीत चाळीस मिनिटांची नोंद घेतली. साधने आता बहुतेक वेळ मुलांच्या हातात होती. तिवया मात्र पूर्वीइतक्या सुबक नव्हत्या आणि चारपैकी एक कोसळली. कोर्ट ऑफ ऑनर महिन्यातून दोनदा भरत होते. हजेरी तुटलेल्या तीन मुलांपैकी दोघे नियमित झाले होते; तिसरा परतला नाही, आणि त्याचे कारण आमचेच होते की आणखी काही, हे मी सांगू शकत नाही.

आमच्या अभ्यासक्रमातून गाठींचे तास निम्मे झाले आहेत. संघपद्धतीवरचे माझे व्याख्यान काढून टाकले आहे. त्याऐवजी पहिल्या शिबिरानंतर एका महिन्याच्या आत दोन भेटी सक्तीच्या केल्या आहेत आणि त्या भेटींत प्रशिक्षकाने फक्त नोंद घ्यायची असते, तीही स्वयंसेवकाला त्याच दिवशी वाचून दाखवायची. यात प्रशिक्षकांचे दिवस पूर्वीपेक्षा दुपटीहून अधिक जातात आणि तेही स्वयंसेवकच असल्यामुळे आमच्यातले दोघे या वर्षी थांबले. त्यांच्या जागी आम्ही त्या शिक्षिकांना आणि वीजजोडणीच्या गृहस्थांना बोलावले आहे. गृहस्थांनी होकार देताना एकच अट घातली, की बांधणीचा तास त्यांच्याकडे देऊ नये.